टाळ्या वाजवा म्हणाला विल्बर

१७ डिसेंबर १९०३ च्या सकाळी विल्बर राईटनं पाच माणसांना एक विनंती केली होती. असे चेहरे पाडून उभे राहू नका. हसा, ओरडा, टाळ्या वाजवा, माझ्या धाकट्या भावाला, ऑर्व्हिलला जरा धीर द्या. अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूत, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात उभे असलेले हे पाच जण म्हणजे इंजिनाच्या विमानाला लाभलेले पहिले प्रेक्षक. तिघं समुद्रकाठच्या जीवरक्षक ठाण्यावरचे, एक लाकडाच्या धंद्यातला, एक गावातला पोरगा. त्यांतल्या जॉन डॅनियल्सनं पुढं ही आठवण सांगितली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. त्या उड्डाणाचा जगप्रसिद्ध फोटोही याच डॅनियल्सचा. कॅमेऱ्याशी त्याचा त्याआधी काडीचा संबंध नव्हता. ऑर्व्हिलनं रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा रबरी फुगा त्यानं वेळेवर दाबला, इतकंच.

आमच्या सोलापुरात हल्ली एक हौशी मंडळी या भावांवर संगीत नाटक करतेय. नाव इथं देत नाही, कारण प्रयोगागणिक ते बदलतंय आणि मंडळींचं त्यावर अजून एकमत नाही. दिग्दर्शिका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. विल्बरचं काम करणारा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघतो, ऑर्व्हिल बँकेत आहे, आणि पेटीवर बसणारे काका एका भजनी मंडळातून उसने आणलेत. पहिल्या अंकाच्या शेवटी किटी हॉकचा प्रसंग येतो. विल्बर रंगमंचाच्या अगदी कडेला येतो, प्रेक्षागृहातले दिवे थोडे उजळतात आणि तो आम्हालाच म्हणतो, "असे बसून राहू नका हो. हसा, ओरडा, टाळ्या वाजवा."

कल्पना छान आहे. फक्त तिला सोलापूरचा प्रेक्षक ठाऊक नाही. इथला माणूस हॉटेलात ताटाला नावं ठेवून मग दुसऱ्यांदा भाकरी मागतो. दाद द्यायची ती त्याच्या मनानं, आणि कुणी मागितली तर हमखास द्यायची नाही.

पहिला प्रयोग निमंत्रितांचा होता. निमंत्रित मंडळी सांगितल्यावर टाळ्या वाजवतात, किंबहुना त्यासाठीच त्यांना पास दिलेले असतात. विल्बरनं म्हटलं आणि पुढच्या रांगांनी मुकाट्यानं हात हलवले. मग ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा पडला, ढोलकी सुरू झाली, चौघा पोरांनी बांबूचा सांगाडा उचलून वाऱ्यावर डुलवला. मोजून बारा सेकंद. दिग्दर्शिकेनं घड्याळ लावूनच ते बसवलेत, कारण खरं पहिलं उड्डाण तेवढंच होतं, बारा सेकंद आणि १२० फूट. बारा संपले, पंख टेकले. आता अंधार होणार, एवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, "एवढंच काय बे?"

सगळं थिएटर हसलं. आत विंगेत ऑर्व्हिलचा चेहरा उतरला म्हणे. मला विचाराल तर नाटकाला मिळालेली ती पहिली खरी प्रतिक्रिया होती, आणि ती अगदी रास्त होती. बारा सेकंद म्हणजे काय? सात रस्त्याला सिग्नल सुटल्यावर मागचा रिक्षावाला हॉर्न द्यायला लागतो त्याच्या आतच संपतात. त्या दिवशी भावांनी आणखी तीन उड्डाणं केली, शेवटचं विल्बरचं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. मग वाऱ्याच्या एका झोताला ते यंत्र उलटंपालटं झालं, धरायला गेलेला डॅनियल्स त्यात अडकून फरफटला, आणि त्या विमानाचं उडणं कायमचं संपलं. घरी तार गेली तीसुद्धा चुकून ५९ च्या जागी ५७ सेकंद सांगत. जगानं त्या बातमीला काय प्रतिसाद दिला? बाल्कनीतल्या त्या पोरापेक्षा बराच थंड.

दिग्दर्शिका त्या रात्री खट्टू होती. बारा सेकंद संथ गतीत ताणून मिनिटभर करावेत, प्रकाश फिरवावा, मागून सूर लावावेत, असं तिच्या मंडळीतल्या काहींचं म्हणणं पडलं. सुदैवानं तसं झालं नाही, कारण पुढचा प्रयोग तोंडावर होता आणि तालमीला वेळच नव्हता.

तो पुढचा प्रयोग पूर्व भागात, एका मैदानावरच्या मांडवात. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पूर्व भाग म्हणजे आमची विणकरांची वस्ती. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेले पद्मशाली, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि कानावर सतत यंत्रमागाचा खडखडाट. बाया विड्या वळणाऱ्या, बाप्ये मागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. तिकीट नावापुरतं होतं. सतरंज्यांवर आज्या, नातवंडं, पाय दुमडून बसलेले निवृत्त गिरणी कामगार. नाटक सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच या मंडळींनी नाटक ताब्यात घेतलं.

झालं असं. भावांच्या डेटन गावातल्या सायकलच्या दुकानाचा प्रसंग. चार्ली टेलर नावाचा त्यांचा मिस्त्री सहा आठवड्यांत हातानं इंजिन घडवतो, बारा अश्वशक्तीचं. इंजिन पहिल्यांदा धडधडतं तो आवाज ढोलकीवाल्यानं कसा काढावा? त्यानं मागावरचा एक जुना लाकडी धोटा आणलाय आणि तो रिकाम्या खोक्यावर दोन्ही बाजूंनी आपटतो. निमंत्रितांच्या प्रयोगात तो नुसता 'इंजिनाचा आवाज' होता. इथं दोन ठोके पडले न पडले तोच मांडवातून एक म्हातारा ओरडला, "माग लागला की!" आणि जो हशा उसळला, त्यात चार्ली टेलरला आपली पुढची वाक्यं गिळावी लागली.

तिथून पुढं प्रेक्षक प्रत्येक जोडाकडं कारागिराच्या नजरेनं बघायला लागले. राईटांच्या विमानाला एकच इंजिन आणि मागं दोन पंखे. दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरले तर यंत्राला पीळ बसणार, म्हणून एक साखळी आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन घातलेली, म्हणजे तो पंखा उलटा फिरतो. नाटकात हे एका ओळीत येऊन जातं. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी ती ओळ पकडली आणि पलीकडच्या पोराला खुणेनं समजावायला घेतलं. गिरणीत वर शाफ्ट असायचा, त्यावरून खाली पट्टे, आणि पट्टा तिढा देऊन घातला की खालचं चाक उलटं. "आम्ही हेच करत होतो की रे," काका म्हणाले, अशा सुरात की जणू विमान जुन्या गिरणीतच बनलं असतं, नुसतं साहेबानं कधी सांगितलं नाही म्हणून राहून गेलं. सायकलच्या दुकानावर कुणीतरी हसलं तेव्हा याच काकांनी मागं वळून त्याला गप्प केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या धंद्यापासूनच सुरुवात केली होती, म्हणाले. खरंच आहे. आणि गंमत म्हणजे संगीत नाटकाची घडी बसवणारे अण्णासाहेबसुद्धा किर्लोस्करच.

पण सगळ्यांत जास्त चाललं ते कापड.

१९०० साली भाऊ पहिल्यांदा किटी हॉकला गेले तेव्हा त्यांच्याजवळ बिनइंजिनाचं ग्लायडर होतं, त्याला सॅटिनसारखं तुकतुकीत कापड. पंखाच्या कण्यासाठी हवं त्या लांबीचं लाकूड वाटेत मिळालं नाही, मग पंख आखूड करणं आलं आणि कापडही कापून पुन्हा शिवणं आलं. ज्यांच्याकडं विल्बर उतरला होता त्या टेटबाईंचं शिलाई मशीन मागून घेऊन त्यानं ते स्वतः शिवलं. हंगाम संपला, ग्लायडर तिथंच टाकून भाऊ घरी गेले, आणि टेटबाईंनी पंखांचं कापड उतरवून आपल्या दोन्ही पोरींना फ्रॉक शिवले. नाटकात यावर एक छोटं गाणं आहे, ओव्यांच्या चालीचं. निमंत्रितांनी ते शांतपणे ऐकलं. पूर्व भागात बायका टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या मागं बसलेली एक आक्का शेजारणीला म्हणाली, "बघ, वाया नाही घालवलं." विमानविद्येच्या इतिहासात टेटबाईंना एवढी मनापासून दाद क्वचितच मिळाली असेल.

१९०३ च्या विमानाला सुती मलमल होती, बारीक आणि घट्ट विणीची. ती त्यांनी पंखावर उरेब घातली, म्हणजे धागे पंखाच्या बरगड्यांना तिरपे जातील अशी. त्यामुळं तिरप्या ताणाला कापडच टेकू देतं, त्यासाठी पंखाच्या आत वेगळं लाकूड घालावं लागत नाही, वजन वाचतं. ही गोष्ट दिग्दर्शिकेनं नाटकात घेतली हे तिचं श्रेय. बहुतेक लोक राईट बंधू म्हटलं की एकदम आभाळात जातात. ही बाई मशीनपाशी थांबली. ऑर्व्हिल कापड तिरपं धरतो, विल्बर सरळ धर म्हणतो, आणि मांडवातून तीन-चार शिंपी एकदम, "तिरपंच धर, तिरपंच!"

पुढचा सवाल-जवाब तर वन्समोअर घेऊन गेला. पंख्याच्या पात्याचा आकार कसा असावा यावर दोघे भाऊ आठवडेच्या आठवडे भांडत. बोटीच्या पंख्याचं गणित हवेत चालेना. विमान पुढं जातंय, हवा मागं सरतेय, पातं आडवं फिरतंय. स्थिर काहीच नाही, मग मोजायचं कुठून? आणि भांडण इतकं रंगे की शेवटी थोरल्याला धाकट्याचं पटलेलं असे आणि धाकट्याला थोरल्याचं, की पुन्हा उलट्या बाजूंनी भांडण सुरू. ही दंतकथा नव्हे, ऑर्व्हिलनंच सांगून ठेवलेली गोष्ट आहे. असा ऐवज हातात आल्यावर मराठी माणसानं त्याचा सवाल-जवाब करायचा नाही तर काय करायचं? सोलापूर हे शाहीर राम जोशींचं गाव आहे. धाकटा विचारतो:

पंखा फिरतो, हवा सरकते, सांग थोरल्या मला
हवाच सरली मागं तर मग रेटा कसला दिला?

थोरला उत्तर देतो, ढोलकी चढते, दोघे फेर धरतात, आणि तिसऱ्या फेरीला कळतं की धाकटा आता थोरल्याची ओळ म्हणतोय. हे ज्या क्षणी प्रेक्षकांच्या लक्षात येतं तो क्षण बघण्यासारखा असतो. एकदम सगळ्यांना नाही कळत. इकडं एक हसतो, तिकडं दोघी, मग लाट आल्यासारखा मांडव. पेटीवाल्या काकांनी वन्समोअरला चाल चढवली आणि भावांना धाप लागली तरी सोडलं नाही.

सगळ्या प्रतिक्रिया अशा गोड नव्हत्या. विमान सोडायला भावांनी वाळूत साठ फुटांचा लाकडी रूळ घातला होता. रंगमंचावर तो रूळ मांडायला सुरुवात होताच कोपऱ्यातून हाक आली, "आधी चिमणी पाडा!" आता हे बाहेरच्यांना कळणार नाही. होटगी रस्त्यावरच्या आमच्या विमानतळाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी येत होती. ती पाडा आणि पाडू नका यावर गाव वर्षानुवर्षं भांडलं, मोर्चे दोन्ही बाजूंनी निघाले, आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, पण गोव्याचं विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला. तेव्हा उड्डाणाच्या आधी रूळ, परवानगी, अडथळा हे शब्द आमच्याकडं हशाचे आहेत. मांडव फुटला. पण माझ्या पुढ्यात दोघे बसले होते, ऊसवाले असावेत, ते हसले नाहीत. एकानं फक्त पान काढून दुसऱ्याला दिलं. विनोद एकच असतो, सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

मग पहिल्या अंकाचा शेवट. विल्बर कडेला आला, म्हणाला, हसा, ओरडा, टाळ्या वाजवा. मांडवात एकही टाळी नाही. इतका वेळ आपणहून बोलणारी, ओरडणारी माणसं हाताची घडी घालून बसली. आधी उडवून दाखव, असा एकूण भाव. बारा सेकंद झाले. एका आजीनं नातवाला विचारलं, "एमैंदिरा?" काय झालं रे? नातू म्हणाला, "लेचिंदि, अव्वा." उठलं, आजी. आजीनं मान हलवली. मध्यंतर.

चहाच्या टपरीपाशी विल्बर मला म्हणाला, "काका, मेलो. दुसऱ्या अंकात उभं कसं राहू?" मी त्याला म्हटलं की खऱ्या विल्बरचीही हीच गत होती, तू काळजी करू नको. हे त्याच्या समाधानासाठी बोललो नव्हतो.

कारण बघा. ऑक्टोबर १९०३ मध्ये सॅम्युअल लँग्ली या नामांकित शास्त्रज्ञाचं विमान पत्रकारांच्या समोर पोटोमॅक नदीत कोसळलं. त्यामागं अमेरिकी युद्धखात्याचे ५०,००० डॉलर होते. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात भाकीत केलं की उडणारं यंत्र बनायला १० लाख ते १ कोटी वर्षं लागतील. राईटांनी स्वतःच्या खिशातून हजार डॉलरच्या आत खर्च करून ते ६९ दिवसांत खोटं पाडलं. (मी चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलं, त्यामुळं नाटकात हे आकडे आले तेव्हा टाळी वाजवणाऱ्यांत मी होतो.) पुढं १९०४ च्या सप्टेंबरात त्यांनी हवेत पहिलं पूर्ण वर्तुळ मारलं. ते डोळ्यांनी बघून सविस्तर लिहिलं कुणी? एमोस रूट नावाच्या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थानं, आणि छापलं त्याच्याच मधमाश्यांच्या मासिकात. मोठ्या वृत्तपत्रांना त्याचं काही नव्हतं.

पण यात दोष एकट्या जगाचा नव्हता. हे भाऊ ऑक्टोबर १९०५ नंतर थेट मे १९०८ पर्यंत उडालेच नाहीत. करार सहीशिक्क्याचा झाल्याशिवाय यंत्र दाखवायचं नाही, कुणी चोरेल, हा त्यांचा हट्ट. प्रयोग न लावता कलावंत म्हणवून घ्यायचं, तर लोक विचारणारच. १९०६ मध्ये पॅरिसमधल्या एका वृत्तपत्रानं सरळ प्रश्न टाकला की हे उडणारे आहेत की थापाडे. मला तो प्रश्न उद्धट वाटत नाही. बाल्कनीतल्या "एवढंच काय बे"चाच तो फ्रेंच भाऊ.

दुसरा अंक फ्रान्समध्ये. ८ ऑगस्ट १९०८, ल मां गावाजवळचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. दिग्दर्शिकेनं फ्रेंच माणसं रंगमंचावर ठेवलीच नाहीत. तिनं आपले नट प्रेक्षकांत पेरलेत, आणि ते मधूनमधून विल्बरची टर उडवतात. सकाळपासून नुसता नट आवळतोय, तेल घालतोय, उडायचं नाव नाही. निमंत्रितांना हे नट कोण ते कळलं होतं आणि ते सौजन्यानं हसले. पूर्व भागात नटांना काही करायलाच लागलं नाही. लोकांनी काम त्यांच्याकडून काढून घेतलं. "मालक, वायर काढून बघा!" "मेस्त्रीला बोलवा!" "उद्या या, आज लाइट नाही!" विल्बर झालेला मुलगा या सगळ्याला पाठ करून बोल्ट आवळत राहिला. एकदाही वळला नाही. खरा विल्बरही त्या दिवशी असाच गर्दीकडं ढुंकून न बघता आपलं काम करत होता, अंगात नेहमीचा करडा सूट, कडक कॉलर. ते या पोराला त्या दिवशी जमलं, आणि मला वाटतं त्याला ते लोकांनीच जमवून दिलं.

मग तो नुसता म्हणाला, "आता उडतो." टाळ्यांचं नाव नाही.

सांगाडा उचलला, पण या वेळी पोरं रंगमंचावरून खाली उतरली आणि मधल्या वाटेनं लोकांच्या डोक्यांवरून विमान घेऊन निघाली. पांढरे मांजरपाटाचे पंख, वीस-बावीस फुटांचे, मांडवाच्या बल्बखालून तिरपे होत वळले. पंखाचं टोक मुरगळून विमान वळवायचं, ही राईटांची खरी युक्ती. सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळता पिळता विल्बरला ती सुचली होती. पोरांनी दोऱ्या ओढल्या आणि पंख खरोखर मुरगळला. खाली बसलेल्या सगळ्यांचे हात वर गेले, लहान पोरं उभी राहिली, कापड कुणाच्या टोपीला, कुणाच्या अंबाड्याला घासून गेलं. दोन फेऱ्या. खऱ्या उड्डाणाला एक मिनिट पंचेचाळीस सेकंद लागले होते, यांना थोडे जास्तच लागले असतील, कारण वाट सापडत नव्हती. टाळ्या कधी सुरू झाल्या ते सांगता येणार नाही. मगाशी घडी घातलेले हात होते तेच. ल मांला त्या दिवशी लुई ब्लेरिओ प्रेक्षकांत होता, आणि वर्ष उलटायच्या आत, २५ जुलै १९०९ ला, त्यानं विमानानं इंग्लिश खाडी ओलांडली. म्हणजे टर उडवायला जमलेल्या गर्दीत नेमकं काय बसलेलं असतं, हे टर उडवून घेणाऱ्याला कधीच माहीत नसतं.

दुसऱ्या फेरीला पंख आमच्यावरून जाताना शेजारच्या काकांनी किनार पकडली. विमान क्षणभर अडलं. काकांनी कापड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेऊन चोळलं, उजेडाकडं धरून विणीतून पाहिलं, मग सोडलं. "जाड आहे," म्हणाले. "वजनानं पडंल." नाटक संपल्यावर दिग्दर्शिकेला गाठून त्यांनी तेच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, बजेट." मामा म्हणाले, "मला विचारायचं होतं की मग. तुकडा दिला असता."

एक वाद मात्र दोन्ही प्रयोगांत झाला आणि तो टाळता येणारा नाही. तळपदे. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये, राईटांच्या आठ वर्षं आधी, चौपाटीवर विमान उडवलं, असं आपल्याकडं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. नाटकात तो प्रसंग घडताना दाखवलेला नाही. एक कीर्तनकार येतो आणि 'असं ऐकलंय बरं का' म्हणत त्याचं आख्यान लावतो. गाणं झकास आहे, शिट्ट्या पडतात. पण नाटक सुटल्यावर एक गृहस्थ चांगलेच तापले होते. "तळपद्यांना ऐकीव गोष्ट आणि राईटांना अख्खा अंक? घरचं झालं थोडं!"

दिग्दर्शिका शांत होती. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही, म्हणाली. आणि ज्या वैमानिक शास्त्राचा या गोष्टीशी संबंध जोडतात, त्या ग्रंथाचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये कस लावला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातलं एकही यंत्र उडण्याजोगं ठरलं नाही. गृहस्थांना पटलं नाही. मला तिचं पटलं, आणि ते थंड तर्कापुरतं नव्हे. राईटांना आपण बाल्कनीतून "एवढंच काय" विचारतो, तर तळपद्यांना का विचारायचं नाही? तोच प्रश्न आपल्या माणसाला न विचारणं म्हणजे त्याला सवलतीचं तिकीट देणं. यंत्र बनवायला बसलेल्या त्या गृहस्थांना ते आवडलं असतं असं मला वाटत नाही. तरी एक कबूल करतो, शिट्ट्या माझ्याही तोंडून निघाल्या. आख्यानाची चालच तशी आहे.

शेवटाकडं नाटक थोडं ढेपाळतं. ऑर्व्हिल वारला तो दिवस ३० जानेवारी १९४८. तारीख खरी आहे, आणि नाटककाराला तो योगायोग सोडवला नाही. एकीकडं म्हाताऱ्या ऑर्व्हिलचा पलंग, दुसरीकडं रेडिओवर दिल्लीची बातमी. ज्या गावानं १२ जानेवारी १९३१ ला आपली चार माणसं फासावर गमावली, तिथं असा प्रसंग लागला की माणसं आपसूक गप्प होतात. पण ते गप्प होणं नाटकानं मिळवलेलं नसतं, गांधींचं असतं. हे मी दिग्दर्शिकेला सांगितलं. ती "बघू" म्हणाली.

त्याच्या आधीचा प्रसंग मात्र जसाच्या तसा राहू दे असं मी बजावलंय. २५ मे १९१०. वडील मिल्टन राईट ८१ वर्षांचे. दोघांनी एकाच विमानात बसायचं नाही, अपघात झाला तर दोघंही जातील, ही घरची अट त्या एका दिवसापुरती सुटते आणि भाऊ पहिल्यांदा आणि शेवटचे एकत्र उडतात. मग ऑर्व्हिल वडिलांना घेऊन वर जातो, आणि म्हातारा घाबरायच्या ऐवजी कानाशी वाकून म्हणतो, अजून वर, ऑर्व्हिल, अजून वर. पूर्व भागात या वाक्याला टाळी नव्हती, हुंदके तर नव्हतेच. एक मुलगा आपल्या अण्णांना म्हणाला, "तुम्ही तर जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसत नाही." अण्णा म्हणाले, "तू चालवणार असशील तर बसतो." आजूबाजूच्या चार सतरंज्यांना ते ऐकू गेलं आणि त्या संवादानं नाटकातल्या संवादावर मात केली.

पुढचा प्रयोग अक्कलकोटला ठरतोय, तिथं सवाल-जवाबात एक कडवं कानडीतून घालायचं चाललंय. बारा सेकंद बाराच राहणार आहेत. विल्बर टाळ्या मागणार की नाही यावर मतदान झालं आणि बरोबरीत सुटलं. कापडाचं गाणं वाढवा, असा माझा आग्रह होता. मलमल, उरेब, टेटबाईंचं मशीन हे सगळं एका ओवीत उरकण्याजोगं नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "मग काका, दोन कडवी तुम्हीच लिहून द्या." एक लिहून झालंय आणि पेटीवाल्या काकांनी ते तालात बसवलंही. दुसऱ्यात मी 'उरेब'वर अडलोय. यमकाला 'ऐब' सोडून काही सुचत नाही, आणि मामा म्हणतात, आमच्या कापडात ऐब काढायचा नाही.